शाडूपासून सिमेंटपर्यंत : सासवण्याच्या करमरकरांच्या घरची माती (प्रकल्प नोंदी, एप्रिल ते सप्टेंबर 2025)

4 एप्रिल 2025

शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) हे अलिबाग तालुक्यातल्या सासवण्याचे. वडील पांडुरंग शेती सांभाळून गणपती करत. मुलाचं काम आजही बघता येतं. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला 1928 चा अश्वारूढ शिवाजी आहे, 1930 चं ‘शंखध्वनी’ आहे, सासवण्याच्या राहत्या घरात खोल्याखोल्यांतून मांडलेली शिल्पं आहेत आणि बाहेर सिमेंटची म्हैस आहे. वडिलांचं काम असं पुढ्यात ठेवता येत नाही, कारण गणपती घडतो तोच दीड-पाच-दहा दिवसांसाठी. भाद्रपदात ते पाण्यात जातं आणि पुढच्या वर्षी त्याच आकारासाठी नवी माती भिजते.

म्हणून वडिलांचा वाटा कागदावर न सांगता हाताला लागेल असा मांडायचा. दोन पाट करायचे. पहिल्या पाटावर शाडूचा एक फुटी गणपती, पाच अवस्थांत थांबवलेला. म्हणजे पाच वेगळ्या मूर्ती, प्रत्येक पुढच्या टप्प्यापर्यंत नेलेली. दुसऱ्या पाटावर सिमेंटमधलं कोळणीचं मस्तक : सांगाडा, माती, साच्याचा तुकडा, तयार काम. करमरकरांच्या कुठल्याही शिल्पाची नक्कल करायची नाही. बघायला येणाऱ्या शाळकरी मुलांनी दोन्ही पाटांना बोट लावून बघायचं, काचेची पेटी नको.

शाडूकामासाठी पेणकडचे एक ज्येष्ठ मूर्तिकार आणि त्यांची शिल्पकलेची पदवी घेतलेली मुलगी येणार आहेत. दुसऱ्या पाटाचं काम मुलगी बघेल. नोंदीत दोघांची नावं नकोत असं त्यांनीच सांगितलंय. इथे ‘बाबा’ आणि ‘ताई’ असंच लिहू, कामाच्या शेडमध्ये सगळे तसंच म्हणतात.

15 एप्रिल

शाडूच्या 30 किलोच्या दोन गोण्या आल्या. मूळ माल गुजरातेतून, भावनगरकडून. पूड 40 नंबरच्या चाळणीतून काढली. दोन गोण्यांत मिळून मूठभर खडे आणि गवताच्या काड्या निघाल्या. खडा राहिला तर वाळताना माती त्याच्याभोवती आवळते आणि तिथेच चांदणीसारखा तडा जातो. त्यामुळे चाळायला कंटाळायचं नाही.

भिजवणीचं प्रमाण : 10 किलो पूड, 3.2 लिटर पाणी. पाणी घमेल्यात आधी, पूड वरून भुरभुरत. उलटं केलं तर तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात आणि त्या मळताना फुटत नाहीत. रात्रभर ओल्या गोणपाटाखाली. सकाळी 25 मिनिटं मळली.

तयार झाल्याची खूण : करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. भेगा पडल्या तर पाणी कमी, बोटाला चिकटून राहिली तर जास्त. आमची पहिली वळी भेगाळली. बाबांनी पाणी ओतलं नाही, ओल्या हाताने आणखी दहा मिनिटं मळली आणि वळी जमली. पाणी ओतून सैल केलेली माती वरवर मऊ लागते, पण आत एकसारखी नसते.

जाड भागांसाठी काथ्या 2 सेंटीमीटरचे तुकडे करून घातला, 10 किलोला 60 ग्रॅम. चेहरा, बोटं, दागिने यांच्या मातीत काथ्या नाही. कोरणी त्यात अडकते आणि धागा ओढला की कडा उचकटते.

आटण्याची चाचणी लावली. 25 × 5 × 1 सेंटीमीटरची पट्टी, तिच्यावर 200 मिलिमीटर अंतरावर दोन खुणा.

22 एप्रिल

पहिल्या पाटाला सुरुवात. बिनसाच्याचं हातकाम.

क्रम असा : पाटावर प्लास्टिकचा कागद, त्यावर राखेचा हलका हात (नाहीतर बैठक पाटाला धरते आणि आटताना मधोमध चिरते). मग बैठक, 22 × 16 सेंटीमीटर, 3 सेंटीमीटर जाड. तिच्यावर मांड्यांच्या दोन जाड वळ्या, गुडघे बाहेर. मग धड. धड म्हणजे एक बुटका शंकू. पोट त्याच्यावर वेगळा गोळा म्हणून चिकटवायचं नाही, शंकूच आतून बाहेर फुगवायचा. डावा तळहात पाठीला, उजव्याचा अंगठा पुढून खालून वर.

हा अंगठा बघण्यासारखा आहे. मातीची गोळी लिंबाएवढी. ती जागेवर ठेवून दाबत नाहीत, खालच्या कडेला टेकवून वर सरकवत पसरतात. त्यामुळे गोळीची खालची कड आधी पक्की होते, आतली हवा वर निघून जाते आणि भर वरच्या टोकाला पातळ होत संपते. ठेवून दाबली तर चारही कडा एकदम बसतात आणि मधे हवा कोंडते. वाळल्यावर तिथे पोपडा सुटतो. मुद्दाम एका नमुन्यावर पाच गोळ्या अशा ठेवून दाबल्या आहेत, वाळल्यावर बघू.

एका मूर्तीला ओली माती सरासरी 8 किलो लागते.

29 एप्रिल

सोंड, हात, कान.

गणपतीचा आकार मातीच्या सोयीने घडत गेलाय, हे हाताने करताना फार स्पष्ट दिसतं. सोंड पोटावर टेकते. डावा हात मोदकासकट मांडीवर टेकतो. मागचे दोन हात कानांशी, प्रभावळीशी किंवा मुकुटाशी सांधता येतात. मान जवळजवळ नसतेच. मस्तक थेट खांद्यांवर बसतं. अधांतरी राहतो तो फक्त आशीर्वादाचा हात, आणि तोच सगळ्यांत आधी मोडतो. त्यात 14 गेजची तार, 9 सेंटीमीटर, कोपरातून धडात 3 सेंटीमीटर घुसवलेली. तारेला आधी सुतळी गुंडाळायची. नुसत्या गुळगुळीत तारेवर माती आटली की घसरते आणि मनगटाला गोल चीर पडते.

तिसऱ्या मूर्तीची सोंड आज पडली. कारण साधं : धड दोन दिवस उघडं राहिलं होतं, सोंड ताज्या मातीची. कोरड्याने ओल्यातलं पाणी ओढून घेतलं आणि सांध्यापाशी सोंडेचा वरचा थर कोरडा पडला. धडावर ओलं फडकं तीन तास ठेवलं, सांध्याची जागा कोरणीने उभी-आडवी खरवडली, त्याच मातीचा ताकासारखा पातळ घोळ लावला, मग सोंड. आता नीट धरली. नियम ठरवला : दिवसाचं काम संपलं की मूर्ती ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकची पिशवी. फडकं मातीला टेकता कामा नये, नक्षी पुसते. चार बांबूच्या काड्यांवर तंबूसारखं.

7 मे

पट्टीवरचं 200 मिलिमीटरचं अंतर आता 189. म्हणजे साडेपाच टक्के आटली. एक फुटी मूर्तीत उंचीचा साधारण दीड सेंटीमीटर जातो, ही गोष्ट मापाने काम करणाऱ्याला आधी ठाऊक हवी.

दाबून बसवलेल्या पाच गोळ्यांपैकी तीन सुटल्या. सरकवून लावलेल्यांतली एकही नाही.

मूर्ती नख रुतेल पण बोट रुतणार नाही इतक्या घट्ट झाल्या की खालून पोकळ करायच्या. भिंत अडीच सेंटीमीटर ठेवली. पहिल्या मूर्तीत पोटाची भिंत दीड आणि मांडीची चार राहून गेली होती. वाळताना नेमकी दोन्हींच्या सीमेवर, बेंबीखाली आडवी चीर पडली. पातळ भाग आधी आटतो, जाड भाग त्याला जाऊ देत नाही. चीर भरताना नुसता घोळ भरायचा नाही, तो पुन्हा आटून सुटतो. चीर कोरणीने ‘व्ही’सारखी रुंद करायची, दोन्ही काठ ओले करायचे, मग किंचित घट्ट माती, त्यात बारीक कापलेला कापूस.

वाळवण सावलीत. पंखा नको, एका बाजूने वारा लागला की मूर्ती त्या बाजूला झुकते.

13 मे

दुसरा पाट. त्याआधी एक चाचणी हवी होती : वडिलांच्या रीतीने, म्हणजे सांगाडा न घालता, माणसाचं मस्तक उभं राहतं का?

तीच शाडू, तोच क्रम, खालून वर. मान 12 सेंटीमीटर, वर कवटी. 24 सेंटीमीटर उंचीपर्यंत ठीक. हनुवटी आणि गाल चढवल्यावर वजन पुढे आलं आणि चाळीस मिनिटांत मान पुढे वाकली. दुसऱ्यांदा मान जाड केली. उभं राहिलं, पण ती मान माणसाची राहिली नाही. तिसऱ्यांदा पदर खांद्यावरून पुढे घेऊन हनुवटीखाली टेकू दिला. हे उभं राहिलं आणि चांगलं दिसतंय.

या चाचणीवर सगळ्यांत जास्त बोलणं झालं. गणपतीच्या कामात आधार आतून नसतो, आकारातच असतो. भार कुठे टेकवायचा हे आधी ठरतं आणि सौंदर्य त्याला धरून येतं. माणसाच्या शरीराला असा टेकू मिळेलच असं नाही. तिथे सांगाडा लागतो, हाडांचं ज्ञान लागतं, माप लागतं. करमरकरांना हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मिळालं. पुण्याच्या शिवाजीसारखं, घोडा आणि त्यावर स्वार हे काम शाडूच्या शहाणपणावर होणारं नाही. माझगाव गोदीत ब्राँझमध्ये ओतला जाईपर्यंत ते सगळं वजन आतल्या सांगाड्यानेच पेलायचं. पण सांगाडा शिकायच्या आधी ज्या मुलाने वर्षानुवर्षं माती पडताना बघितली आहे, त्याला सांगाडा का लागतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या मते वडिलांकडून आलेली पहिली गोष्ट ही.

वाकलेली पहिली मान फेकायची नाही. दुसऱ्या पाटावर तिला जागा द्यायची.

20 मे

सांगाडा : 18 मिलिमीटर प्लायचा 45 × 45 सेंटीमीटर पाट, मधोमध फ्लँज (पाइप उभा बसवायची लोखंडी चकती), त्यात एक इंची जी.आय. पाइप 35 सेंटीमीटर. वर 10 मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन कडीसारखे गोल, एकमेकांना काटकोनात. त्यांच्या आत लाकडाच्या दोन फुल्या बाइंडिंग तारेने लोंबत्या सोडल्या. माती घसरू लागली की फुली तिच्यात रुतून तिला धरते.

ताईंनी कॅलिपरने (दोन टोकांमधलं अंतर मोजायच्या चिमट्याने) मापं घेतली : हनुवटी ते टाळू, कान ते कान, नाकाच्या बुडापासून कानाच्या छिद्रापर्यंत. सांगाडा टाळूच्या मापापेक्षा 4 सेंटीमीटर आत राहील असा वाकवला. पहिल्यांदा तो फक्त दीड सेंटीमीटर आत होता, कपाळाला आकार देताना तार उघडी पडली आणि सगळं उतरवावं लागलं. सांगाड्यात केलेली चूक मातीने झाकता येत नाही.

माती चढवायला घेतली तेव्हा कॅलिपर बाजूला राहिला आणि अंगठा खालून वर सरकू लागला, अगदी बाबांसारखा. डावा तळहात मागे. हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

27 मे

पाऊस यंदा फार लवकर आला. काल तर मुंबईतही मोसमी पाऊस पोचल्याचं जाहीर झालं. शेडमध्ये भिंतींना ओल. शाडूच्या मूर्ती वाळायच्या थांबल्या आहेत. पाचव्या मूर्तीच्या पाठीवर पांढरी बुरशी. ओल्या फडक्यातल्या खळीमुळे असणार, फडकं नवंकोरं आणि न धुता वापरलं होतं. कोरड्या ब्रशने झाडून जागा मोकळी केली. मूर्ती जमिनीपासून दोन फूट वर, फळ्यांच्या मांडणीवर घेतल्या, फळ्यांमधे दोन बोटं फट ठेवून, म्हणजे बैठकीलाही खालून हवा लागेल. शेडच्या दुसऱ्या टोकाला 100 वॅटचे दोन पिवळे बल्ब. मूर्तीजवळ नाही, खोली कोरडी राहावी एवढ्यासाठी.

साच्यासाठी आणलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोणीलाही ओल लागलीय. वाटीभर कालवून बघितलं : घट्ट झालं, पण तासाभराने नखाने खरवडलं जात होतं. ती गोणी बाद. साचा नव्या, बंद पिशवीतल्या मालाचाच करायचा.

4 जून

मातीच्या मस्तकाचा साचा. एकदाच वापरायचा, फोडून काढायचा.

कानांच्या मागून जाणाऱ्या रेषेवर पितळी पत्र्याच्या 3 सेंटीमीटर रुंद पट्ट्या खोचल्या. पट्ट्यांची रांग डळमळली तर दोन भागांचा सांधा नीट बसत नाही. मग पहिला हात : प्लास्टरच्या पाण्यात नीळ, इतकीच की रंग फिका आकाशी दिसेल. पाणी आधी, प्लास्टर वरून चाळत, पाण्यावर बेट दिसू लागेपर्यंत. एक लिटरला साधारण दीड किलो बसतं. ढवळताना हात तळाशी, फेस येऊ द्यायचा नाही. हा निळा थर 5 मिलिमीटर, हाताने शिंपडून आणि फुंकर मारून डोळ्यांच्या, नाकपुड्यांच्या खाचांत पोचवलेला. ब्रश मातीला लावला की वरचं काम पुसतं.

त्यावर साबणाच्या पाण्याचा एक पातळ हात आणि मग पांढरं प्लास्टर, 2 सेंटीमीटर जाड, मधे काथ्या. एकूण 12 किलो गेलं.

नीळ कशासाठी ते पुढे साचा फोडताना कळेल : छिन्नीने पांढरं उडवत जायचं, निळं दिसलं की हात हलका करायचा. त्याच्या लगेच खाली शिल्प आहे.

11 जून

माती काढून साचा धुतला. मऊ साबणाचे तीन हात, प्रत्येक वेळी जादा साबण कोरड्या ब्रशने टिपून. मग साचा अर्धा तास पाण्यात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत. हे वगळलं तर कोरडं प्लास्टर सिमेंटमधलं पाणी शोषून घेतं. सिमेंट पोसत नाही आणि वरचा थर भुसभुशीत राहतो. कागदावर ही किरकोळ पायरी वाटते, पण अर्धी सिमेंटची कामं इथेच बिघडतात.

माल : सिमेंट 6 किलो, नदीची वाळू 12 किलो, 2.36 मिलिमीटर चाळणीखालची, पाणी 2.7 लिटर. किनाऱ्यावर राहून समुद्राची वाळू घ्यायचा मोह होतो. घ्यायची नाही. तिच्यातलं मीठ आतल्या लोखंडाला गंज आणतं, गंज फुगतो आणि दहा-पंधरा वर्षांनी शिल्प आतून उकलतं. वाळू धुतली तरी भरवसा नाही.

आधी निव्वळ सिमेंटचा साईसारखा हात, 2 मिलिमीटर, ब्रशने टोचत टोचत. तो ओला असतानाच मालाचा थर, बोटांनी दाबून. त्यावर कोंबडीजाळी, वर दुसरा थर. लोखंडावर सिमेंटचं पांघरूण कुठेही 20 मिलिमीटरपेक्षा कमी नको. नाकाजवळ ते जमत नव्हतं म्हणून तिथली जाळी कापून काढली. दोन्ही अर्धी भरून, सांध्याला घट्ट घोळ लावून, सुंभाने आवळून बांधली आणि सांधा आतून मानेच्या भोकातून हात घालून भरला.

गोणपाट, सकाळ-संध्याकाळ पाणी. पावसाळी हवा इथे आपल्या बाजूने आहे.

20 जून

नऊ दिवसांनी साचा फोडला. बोथट छिन्नी, हलका हातोडा, वरून खाली. डाव्या भुवईचा चण्याएवढा टवका साच्याबरोबर गेला. तिथे साबणाचा हात पोचला नव्हता, बाकी चेहरा नीट. सांध्याची रेषा कानामागे दिसते, ती ओल्या कार्बोरंडम दगडाने घासायची.

टवका बुजवणार होतो, पण आता नाही बुजवत. शेजारी चिठ्ठी लावायची : साबण न लागलेली जागा.

आता बोटांनी बघायची गोष्ट. गालावर अंगठ्याच्या सरकवण्याचे माग सिमेंटमध्ये जसेच्या तसे उतरले आहेत, खालून वर, वर पातळ होत जाणारे. पहिल्या पाटावरच्या दुसऱ्या अवस्थेतल्या गणपतीच्या पोटावरही तेच माग. एक हात पोटावर आणि एक गालावर ठेवला की डोळे मिटूनही कळतं. पुढच्या अवस्थांमध्ये गणपती ओल्या कपड्याने गुळगुळीत होतो आणि हे माग पुसले जातात. म्हणजे एरवी वडिलांच्या हाताची खूण मूर्ती पूर्ण होताना वडीलच पुसून टाकतात.

3 जुलै

डोळा. यावर एक पूर्ण आठवडा गेला आणि तो योग्य कारणी लागला.

गणपतीचा डोळा रंगाने होतो. त्यासाठी मातीचा गोलक गुळगुळीत आणि जरा फुगीर ठेवतात, त्यावर आखणी. शिल्पातला डोळा सावलीने होतो. बुबुळाच्या जागी खळगा कोरतात आणि त्यातला अंधार बुबुळ म्हणून वाचला जातो. करमरकरांसारख्या गणपतीच्या घरातून आलेल्या मुलाला शाळेत ही एक सवय पुसून नवी लावावी लागली असणार.

15 × 15 सेंटीमीटरच्या सिमेंटच्या चार फरशा केल्या, प्रत्येकीवर एकच डोळा.

पहिलीवर खळगा 3 मिलिमीटर. वरून उजेड आला तर दोन मीटरवरून डोळा आंधळा दिसतो. दुसरीवर 6 मिलिमीटर : दिसतो, नजर स्थिर. तिसरीवर 9 : अंधार भरपूर, पण खळग्याची कड वाळूच्या कणांनी तुटली आणि डोळा घाबरलेला दिसू लागला. चौथीवर 6 मिलिमीटर, पण वरच्या पापणीला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढी माती तशीच ठेवलेली. तिच्यावर उजेड पडतो आणि डोळ्यात पाणी असल्यासारखं वाटतं. चारही फरशा पाटावर घेतल्या, बाजूला हाताने फिरवता येणारा दिवा. दिवा खालून धरला की चारही डोळे बिघडतात, तेही मुलांना दिसू दे.

मस्तकाचे डोळे चौथ्या फरशीसारखेच केलेले होते, पण डाव्या डोळ्यातला दाणा साच्यात तुटून राहिला. सिमेंट आणि बारीक वाळू 1:1 करून सुईने पुन्हा लावला, आधी जागा ओली करून.

15 जुलै

तिघांना प्रत्येकी 2 किलो तीच माती देऊन साधा पेरू करायला सांगितला : बाबा, ताई आणि मूर्तिकाराच्या घरातला नसलेला एक शिल्पकलेचा विद्यार्थी. हातांचं चित्रण वरून केलं.

विद्यार्थ्याने गोळा केला आणि कापत गेला. बाबा आणि ताई दोघांनीही लहान गोळ्या चढवत नेल्या. पाण्याच्या वाटीत विद्यार्थ्याचा हात वारंवार गेला, बाबांचा दोनदाच. ताईंनी मधे थांबून पेरू उलटा धरून बुडाकडून बघितला. ही शाळेची सवय, बाबांनी ते केलं नाही. तिन्ही पेरू चांगले झाले.

तीन माणसांवरून सिद्धांत मांडायचा नाही. चित्रण मात्र पाटाशेजारी लहान पडद्यावर, आवाज बंद करून ठेवू.

30 जुलै

पाचवी मूर्ती रंगाला घेतली. अखेर वाळली, खात्री करायला मूर्ती रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, सकाळी आत दव नव्हतं.

सफेदी : खडूची पूड 1 किलो, डिंक 100 ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून, ताकाइतकं पातळ, तीन हात. पहिल्या खेपेला डिंक दुप्पट पडला होता. सुकताना सफेदी आवळली आणि मुकुटाच्या खाचांतून पापुद्रे उठले. सगळी धुवून काढावी लागली. डिंक कमी पडला तर उलट. सफेदी तळहाताला लागते. मधल्या प्रत्येक हातानंतर 150 नंबरचा पॉलिश पेपर, फार हलका.

आखणी बाबांनी केली. आधी दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या, नाकाकडून बाहेर, एका श्वासात एक. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जात नाहीत, कारण दुसरा पहिल्याची नक्कल होतो आणि नक्कल नेहमी थोडी मोठी येते. मग दोन्ही बुबुळं. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेलं, खाली बारीक पांढरी फट. समोर जमिनीवर बसलेल्या माणसाकडे नजर जायला हवी. त्यासाठी मूर्ती अडीच फुटी चौरंगावर ठेवून, खाली बसून बघितली, मग उजवं बुबुळ केसभर आत घेतलं. ब्रश तीन शून्य नंबरचा, रंगात पाणी नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे रेघ मधेच सुकून तुटत नाही.

ताई शेजारी बसून दोन्ही बुबुळांमधलं अंतर कॅलिपरने मोजू लागल्या. अर्धा मिलिमीटरही फरक निघाला नाही.

9 ऑगस्ट

फलकाचा मजकूर.

करमरकरांविषयी लिहिताना सुरुवात बहुतेक ठिकाणी एकाच प्रसंगाने होते : गावच्या राममंदिराच्या भिंतीवर मुलाने काढलेला शिवाजी कुलाब्याचे कलेक्टर ओट्टो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याला मुंबईला शिकायला जायला मदत केली. प्रसंग खरा आणि मोलाचा आहे. रॉथफील्ड नसते तर जे. जे. दूर होतं. पण वाक्याची रचना अशी होते की भिंतीवरचं चित्र जणू आकाशातून पडलं, आणि वडील ‘गणपती करत’ एवढ्या दोन शब्दांत संपतात. आमच्या पहिल्या खर्ड्यातही तेच झालं होतं.

दुरुस्त मजकूर, क्रम बदलून :

“विनायक करमरकरांच्या घरी दरवर्षी गणपती घडत. माती किती भिजवायची, भर कुठे टेकवायची, सांधा कधी धरतो, हे त्यांच्या हातांना वडिलांच्या कामातून कळलं. राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेला शिवाजी कलेक्टर रॉथफील्ड यांनी पाहिला आणि पुढच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. जे. जे. स्कूलमध्ये माप, हाडं आणि सांगाडा शिकले. वडिलांची माती पाण्यात विरघळणारी होती. मुलाने पुढे ब्राँझ, संगमरवर, प्लास्टर आणि सिमेंट हाताळलं. दोन्ही पाटांना हात लावून पाहा.”

अक्षर 28 पॉइंट, जमिनीपासून 110 सेंटीमीटरवर, सहावीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल असं. ‘स्पर्श करू नये’ ही पाटी शेडमध्ये आधीपासून होती, ती काढली.

19 ऑगस्ट

मांडणी झाली. दोन्ही पाट समोरासमोर नाहीत, काटकोनात. म्हणजे एका जागी उभं राहून दोन्हीकडे हात पोचतो. वाकलेली मान दुसऱ्या पाटाच्या अगदी सुरुवातीला. मस्तकाच्या बुडाला पांढरा क्षार फुललाय, सिमेंटमधला चुना ओलीबरोबर वर आलेला. ताठ ब्रशने कोरडाच झाडला. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो आणि परत येतो. बुडाखाली रबराच्या चार चकत्या दिल्या, हवा खेळेल.

शाडूच्या पहिल्या अवस्थेची बैठक मुलांच्या हातांनी झिजणार हे गृहीत धरून तिच्या दोन जादा प्रती करून ठेवल्या.

7 सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी झाली. रंग न लावलेली, काथ्या नसलेली एक जादा मूर्ती मुलांसमोर 40 लिटरच्या टाकीत सोडली. पहिली पाच मिनिटं नुसते बुडबुडे. नवव्या मिनिटाला आशीर्वादाचा हात तारेवरून गळाला, मग कान, मग सोंड, जिथे सांधा होता नेमकी तिथूनच सुटून. धड 50 मिनिटांत बसलं. मांड्या सगळ्यांत शेवटी.

पाणी रात्रभर निवळू दिलं, सकाळी वरचं काढलं, उरलेला गाळ सुती कापडात बांधून टांगला. पाणी निथळून, मळण्याजोगी झाली की वजन करायचं. सुकी मूर्ती 5.8 किलो भरली होती.

10 सप्टेंबर

निघालेली माती 7.3 किलो, ओलीसकट. तार वेगळी केली. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळली, भेग नाही. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, पिशवीवर तारीख घालून, पुढच्या वर्षीच्या गोणीशेजारी ठेवली.